एका वाक्याचे दोन वारस

२७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात, अनन्सिएशन धर्मग्रामाच्या ख्रिस्तमंदिरात, नव्या शालेय वर्षाच्या पहिल्याच आठवड्यातील मिस्साबलिदान चालू होते. बाके धर्मग्रामाच्या शाळेतील मुलांनी भरली होती. बाहेरून खिडक्यांतून आत गोळ्या झाडण्यात आल्या. आठ व दहा वर्षांची दोन मुले प्राणास मुकली. जखमी अनेक झाली. पोप लिओ चौदावे हे स्वतः अमेरिकेत, शिकागो येथे जन्मलेले. पुढच्याच रविवारी, आंजेलुसच्या प्रार्थनेनंतर, त्यांनी आपल्या मातृभाषेत, म्हणजे इंग्रजीत, त्या मुलांचे स्मरण केले आणि लहानमोठ्या शस्त्रांची जगभर पसरलेली साथ थांबावी अशी देवाकडे याचना केली.

अशी वार्ता आली की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो. इतका संपन्न, इतका सुशिक्षित देश आपल्या लेकरांच्या रक्षणासाठी साधा एक कायदा का करू शकत नाही? प्रश्न सरळ आहे, उत्तर तितके सरळ नाही. ते शोधायचे तर तीनशेहून अधिक वर्षे मागे, इंग्लंडच्या संसदेने लिहिलेल्या एका वाक्यापर्यंत जावे लागते. आणि त्या वाटेवर आपणा कॅथलिकांची गाठ आपल्याच पूर्वसूरींशी, अगदी अनपेक्षित जागी पडते. आम्ही हा विषय हाती घेतला तो त्यामुळेच.

सन १६८५ मध्ये जेम्स दुसरा इंग्लंडच्या गादीवर बसला. राजा कॅथलिक, प्रजा बहुतांशी प्रॉटेस्टंट. १६७३ च्या कायद्याने सरकारी व लष्करी अधिकारपदे कॅथलिकांना बंद केली होती. जेम्सने तो कायदा डावलून सैन्यात कॅथलिक अधिकारी नेमले. आयर्लंडमध्ये त्याच्या सरदाराने प्रॉटेस्टंटांची शस्त्रे काढून घेतली आणि फौज कॅथलिकांनी भरली. १६८८ साली हॉलंडचा प्रिन्स विल्यम सैन्यासह उतरला, जेम्स फ्रान्सला पळाला, आणि १६८९ मध्ये संसदेने हक्कांची सनद संमत केली. सनदेत जेम्सच्या अपराधांची यादी आहे. त्यांतला एक असा, की प्रॉटेस्टंट प्रजेला त्याने निःशस्त्र केले आणि त्याच वेळी कॅथलिकांच्या हाती शस्त्रे दिली. त्यावर उपाय म्हणून जे वाक्य लिहिले गेले त्याचा आशय असा, की प्रॉटेस्टंट प्रजाजनांना आपापल्या स्थितीस साजेशी आणि कायदा मुभा देईल त्याप्रमाणे, स्वसंरक्षणासाठी शस्त्रे बाळगता येतील.

या वाक्याला तीन कुलुपे आहेत. पहिले धर्माचे, दुसरे सामाजिक दर्जाचे, तिसरे कायद्याचे. हक्क दिला खरा, पण कोणाला, किती आणि कोठवर हे ठरविण्याची किल्ली संसदेने स्वतःपाशी ठेवली.

पहिल्या कुलपाचा अर्थ त्याच वर्षी उघड झाला. राजनिष्ठेची शपथ नाकारणाऱ्या कॅथलिकांची शस्त्रे जप्त करण्याचा स्वतंत्र कायदा १६८९ मध्येच झाला. घरादाराच्या रक्षणापुरती शस्त्रे ठेवायची असली तर ती स्थानिक दंडाधिकाऱ्यांच्या मर्जीने. पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा ठेवण्याचीही मनाई, कारण चांगला घोडा म्हणजे युद्धसामग्री! १६९५ साली असाच कायदा आयर्लंडला लागू झाला. तेथे कॅथलिक बहुसंख्य होते, म्हणजे मूठभरांनी अख्ख्या राष्ट्राची शस्त्रे काढून घेतली. कोणाही प्रॉटेस्टंटाने पाच पौंडांच्या आसपास रक्कम पुढे करावी आणि कॅथलिकाचा उमदा घोडा घेऊन जावे. आर्ट ओ'लिअरी हा ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या घोडदळात नोकरी करून परतलेला आयरिश तरुण. आपली घोडी त्या दराने द्यायला त्याने नकार दिला. तो परागंदा ठरला आणि १७७३ च्या मे महिन्यात सैनिकांच्या गोळीने मारला गेला. त्याची पत्नी आयलीन हिने केलेला विलाप आयरिश भाषेतील श्रेष्ठ शोककाव्य मानला जातो. पुढे कॅथलिकांच्या मुक्तीसाठी लढलेला डॅनियल ओ'कॉनेल तिचा भाचा. असो.

समुद्रापलीकडच्या वसाहतींतही तेच. फ्रान्सशी युद्ध पेटताच १७५६ साली व्हर्जिनिया वसाहतीने शपथ न घेणाऱ्या कॅथलिकांना निःशस्त्र करणारा कायदा केला. फ्रेंच कॅथलिक, म्हणून आपल्यातले कॅथलिकही फितूर होतील, ही भीती. सत्ताधाऱ्यांची भीती नेहमीच निराधार असते असे आम्ही म्हणणार नाही. १६०५ चा दारूगोळ्याचा कट इंग्लंड विसरले नव्हते. परंतु शिक्षा कट करणाऱ्यांना न होता साऱ्या समाजाला झाली.

हेच माप इंग्रजांनी आपल्यालाही लावले. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपीयांना सूट. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात गांधीजींनी, एका संपूर्ण राष्ट्राची शस्त्रे काढून घेणारा हा कायदा इतिहासात इंग्रजी राज्याचे सर्वांत काळे कृत्य ठरेल, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. अमेरिकेतील बंदूकवादी हे उद्गार मोठ्या आवडीने उद्धृत करतात. अहिंसेच्या उपासकाला त्यांनी आपल्या बाजूचा साक्षीदार बनविले आहे! मात्र त्या उद्गारामागची वेदना खरी होती. भेदभावाने केलेले निःशस्त्रीकरण हा अपमान असतो, हे आयर्लंडच्या कॅथलिकाला आणि हिंदुस्थानच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही.

आता अमेरिका. १७९१ साली तिच्या राज्यघटनेला पहिल्या दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या. दुसरी दुरुस्ती ही १६८९ च्या त्या इंग्रजी वाक्याची लेक. लेकीने मात्र आईचा पेहराव बदलला. 'प्रॉटेस्टंट' हा शब्द गेला, दर्जाचा उल्लेख गेला, आणि 'कायदा मुभा देईल त्याप्रमाणे' ही अटही गेली. त्याऐवजी आरंभी एक नवे कलम आले: स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुव्यवस्थित नागरी सेना आवश्यक असल्यामुळे, शस्त्रे बाळगण्याच्या लोकांच्या हक्काचा भंग होणार नाही. वाक्याचा पूर्वार्ध सेनेविषयी बोलतो, उत्तरार्ध लोकांविषयी. दोहोंचा संबंध काय, यावर आजवर ग्रंथालये भरतील इतके लिहिले गेले आहे.

धर्माचे कुलूप गळाले, पण वर्णाचे घट्ट बसले. दक्षिणेतील राज्यांत गुलामांनाच नव्हे, तर स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही शस्त्रबंदी होती. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी कृष्णवर्णीयांना नागरिक मानण्यास नकार दिला, आणि त्याचे एक कारण असे सांगितले की, मानले तर त्यांना हवे तेथे शस्त्र घेऊन फिरता येईल. टॅनी हे त्या पदावर पोहोचलेले पहिले कॅथलिक. ज्यांच्या धर्मबांधवांची शस्त्रे शंभर वर्षांपूर्वी शेजारच्याच व्हर्जिनियात भीतीपोटी हिरावली गेली, त्यांनीच हे लिहावे, ही गोष्ट आमच्या मनाला बोचते, आणि ती दडवून ठेवणेही आम्हांस योग्य वाटत नाही. पुढे यादवी युद्ध झाले, गुलामगिरी गेली. १८७३ च्या ईस्टरच्या रविवारी लुइझियाना राज्यातील कोलफॅक्स येथे गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. त्यावरून उद्भवलेल्या खटल्यात १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दुसरी दुरुस्ती फक्त केंद्रीय संसदेला बांधते. इतर कोणी शस्त्रे हिरावली तर तिचा आधार नाही.

विसाव्या शतकाचा बराचसा काळ या दुरुस्तीविषयी न्यायालयांत शांतता होती. गुंडांच्या टोळ्यांच्या काळात, १९३४ मध्ये, मशिनगन व आखूड केलेल्या बंदुकांवर जबर कर व नोंदणी बसविणारा कायदा झाला. १९३९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने उचलून धरला, कारण असल्या बंदुकीचा सुव्यवस्थित सेनेशी संबंध दिसत नाही. अध्यक्ष केनेडींवर झाडलेली रायफल टपालाने मागविलेली होती. ते, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर १९६८ चा कायदा आला. १८७१ साली नेमबाजी सुधारण्यासाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेनेही तोवर काही नियंत्रणे मान्य केली होती. १९७५ साली अमेरिकन कॅथलिक बिशपांच्या परिषदेच्या समितीने पिस्तुलांवर कडक नियंत्रणाची मागणी केली. दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, सिनसिनाटी येथील अधिवेशनात रायफल संघटनेची सूत्रे कडव्या गटाच्या हाती गेली आणि कोणत्याही नियंत्रणाला विरोध हा तिचा बाणा झाला. आज ज्याला अमेरिकेची प्राचीन परंपरा म्हणतात, तिच्या सध्याच्या रूपाचे वय सुमारे पन्नास वर्षांचे आहे.

येथून आपण पुन्हा मूळ वाक्याच्या घरी, ब्रिटनला, जाऊ.

डनब्लेन हे स्कॉटलंडमधील लहानसे, शांत गाव. तेथे तेराव्या शतकातील जुने कॅथीड्रल आहे. धर्मसुधारणेपूर्वी ते कॅथलिक बिशपांचे पीठ होते. १३ मार्च १९९६ रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास एक इसम गावच्या प्राथमिक शाळेच्या व्यायामगृहात शिरला. पाच-सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग तेथे जमला होता. त्याच्यापाशी चार पिस्तुले-रिव्हॉल्व्हरे आणि ७४३ काडतुसे होती. तीन-चार मिनिटांत त्याने १०५ गोळ्या झाडल्या. १६ मुले आणि त्यांची शिक्षिका ठार झाली. मग त्याने स्वतःला संपविले. त्याचे नाव येथे लिहिण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

ती चारही हत्यारे परवान्याची होती. मुलांच्या शिबिरांतील त्याच्या वर्तनाबद्दल तक्रारी होत्या. १९९१ सालीच एका पोलीस अधिकाऱ्याने या माणसाचा परवाना काढून घ्यावा असे लेखी कळविले होते. वरिष्ठांनी ते मानले नाही. त्याआधी, १९८७ मध्ये, हंगरफर्ड येथे एकाने सोळा जणांना मारले होते. तेथेही रायफलीबरोबर पिस्तूल वापरले गेले होते, परंतु १९८८ च्या कायद्याने बंदी आली ती अर्धस्वयंचलित रायफलींवर. पिस्तुले तशीच राहिली होती.

पंतप्रधान जॉन मेजर आणि विरोधी पक्षनेते टोनी ब्लेअर दोघे एकत्र डनब्लेनला गेले. संसदेतील हाडवैर दाराबाहेर ठेवून शोकाच्या घरी जावे, तसे. पण कायदा राजकारण्यांच्या शोकातून आला नाही. त्या भागातील काही महिलांनी एक अर्ज लिहिला आणि त्यावर सह्या घ्यायला सुरुवात केली. मार्चच्या त्या दिवसांत डनब्लेनमध्ये एकच फूल उमलते, पांढरे स्नोड्रॉप. त्याचे नाव चळवळीला मिळाले. पाहता पाहता सात लाखांहून अधिक सह्या झाल्या. मृत मुलांचे आईबाप संसदेच्या दारात उभे राहिले.

विरोध होता आणि तो सारा स्वार्थी नव्हता. नेमबाजी हा अनेकांचा निरुपद्रवी छंद होता. एकाच्या पापासाठी आम्हा सर्वांना दंड का, हा त्यांचा सवाल रास्त होता. राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनी तर, एखाद्या क्रिकेटपटूने बॅट घेऊन शाळेत माणसे मारली तर बॅटवर बंदी घालाल काय, असे विचारून मोठे वादळ ओढवून घेतले. क्रिकेटच्या आपल्या देशातल्या वाचकांना याचे उत्तर आम्ही द्यावे असे नाही: तीन-चार मिनिटांत १०५ वेळा बॅट फिरवून सतरा जीव घेता येत नाहीत. चौकशी करणारे न्यायमूर्ती लॉर्ड कलन यांचा अहवाल १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये आला. तो सरसकट बंदीपर्यंत गेला नव्हता. वापरात नसताना पिस्तूल निकामी करून ठेवण्यासारख्या उपायांना त्यांनी प्राधान्य दिले होते. सरकार त्याच्या पुढे गेले. मेजर सरकारने १९९७ च्या आरंभी ०.२२ इंचांहून मोठ्या व्यासाची पिस्तुले बंद केली, आणि मे महिन्यात निवडून आलेल्या ब्लेअर सरकारने त्याच वर्षाच्या अखेरीस उरलेलीही. सुमारे १ लाख ६२ हजार पिस्तुले लोकांनी भरपाई घेऊन जमा केली. ब्रिटनच्या पिस्तूल नेमबाजांना पुढे सरावासाठी परदेशी जावे लागले.

या कायद्याने ब्रिटनमधील सारी हिंसा संपली असे म्हणणे खोटे ठरेल. २०१० मध्ये कम्ब्रियात बारा आणि २०२१ मध्ये प्लिमथ येथे पाच माणसे परवान्याच्या बंदुकांनीच मारली गेली. पण डनब्लेननंतर ब्रिटनमधील एकाही शाळेत तसा हत्याकांडाचा प्रसंग आलेला नाही. त्या दिवशी शाळेत असलेला आठ वर्षांचा अँडी मरे मोठा होऊन विम्बल्डन जिंकला.

आमच्या मते १६८९ आणि १९९७ यांतील फरक येथे नीट पाहिला पाहिजे. दोन्ही वेळा राज्यसत्तेने शस्त्रे काढून घेतली. पहिल्या वेळी शेजाऱ्याच्या हाती बंदूक ठेवून आपल्या हातातली काढली. दुसऱ्या वेळी कायद्याने धर्म पाहिला नाही, दर्जा पाहिला नाही. लॉर्डाचे पिस्तूल आणि दुकानदाराचे पिस्तूल एकाच टेबलावर जमा झाले. बंदूकवादी जेव्हा म्हणतात की निःशस्त्रीकरण हे जुलमाचे पहिले पाऊल असते, तेव्हा त्यांच्या म्हणण्याला आपल्याच पूर्वजांची साक्ष आहे, ती आपण नाकारू नये. मात्र ती साक्ष पक्षपाताविरुद्धची आहे. डनब्लेनच्या आयांनी जे मागितले त्यात पक्षपात नव्हता. आणि त्यांच्या संसदेला ते देता आले, कारण 'कायदा मुभा देईल त्याप्रमाणे' हे तिसरे कुलूप ब्रिटनने कधी काढले नव्हते.

अमेरिकेच्या वाक्यात ते नव्हतेच. १९९९ मध्ये कोलंबाइन येथे दोन विद्यार्थ्यांनी त्या दिवशी बारा सहाध्यायी व एक शिक्षक यांना मारले, तेव्हा वाद पेटला आणि विझला. २६ जून २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की शस्त्र बाळगण्याचा हक्क सेनेशी निगडित नसून व्यक्तीचा आहे, आणि घरात स्वसंरक्षणार्थ पिस्तूल ठेवण्यास मनाई करता येत नाही. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिले, आणि त्यात दुसऱ्या दुरुस्तीची पूर्वज म्हणून १६८९ च्या सनदेचा आधार घेतला. स्कालिया कॅथलिक. त्यांच्या बाजूचे रॉबर्ट्स, केनेडी, थॉमस व अलिटो हेही कॅथलिक. ज्या वाक्याने कॅथलिकांना नाव घेऊन वगळले होते, त्याचा वारसा ३१९ वर्षांनी पाच कॅथलिक न्यायाधीशांनी बंदूकधारी नागरिकाच्या हवाली केला! त्यांचा धर्म आणि त्यांचा निकाल यांचा संबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्याच देशातील बिशप वेगळे बोलत होते. हेही सांगितले पाहिजे की स्कालियांनी हा हक्क अमर्याद नसल्याचे लिहिले, आणि शाळांसारख्या ठिकाणी शस्त्रे नेण्यास असलेली बंदी वैध मानली.

कागदावरची ती बंदी १४ डिसेंबर २०१२ रोजी न्यूटाउनच्या सँडी हूक शाळेत कामी आली नाही. सहा-सात वर्षांची २० मुले आणि सहा शिक्षक-कर्मचारी मारले गेले. आगमनकाळ चालू होता. गावातील सेंट रोज ऑफ लिमा चर्चमध्ये एकामागून एक लहान शवपेट्या आल्या. चार महिन्यांनी, शस्त्र विकत घेणाऱ्यांची पूर्वपडताळणी वाढविण्याचा साधा प्रस्ताव सिनेटपुढे आला. ५४ सदस्य बाजूने, ४६ विरुद्ध. पण ६० मते हवी होती. बहुमत असूनही प्रस्ताव पडला.

वाचकांचा मूळ प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो, आणि त्याचे निम्मे उत्तर या आकड्यांत आहे. उरलेले निम्मे देशात साठलेल्या बंदुकांत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार अमेरिकन नागरिकांपाशी सुमारे ३९ कोटी बंदुका होत्या, म्हणजे माणसांहून अधिक. दूरच्या शेतवाडीवर, पोलीस ठाण्यापासून तासाच्या अंतरावर राहणाऱ्या कुटुंबाला बंदूक ही चैन वाटत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण २०२० सालापासून त्या देशात एक ते एकोणीस वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण बंदूक हे झाले, मोटार अपघातांनाही मागे टाकून.

२४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डी येथे १९ मुले व दोन शिक्षिका मारल्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी पोप फ्रान्सिस यांनी शस्त्रांच्या बेबंद व्यापाराला आता पुरे म्हणण्याची वेळ आली आहे असे सांगितले. महिन्याभरात, २५ जूनला, अमेरिकेत जवळपास तीन दशकांतला पहिला महत्त्वाचा केंद्रीय कायदा झाला; एकवीस वर्षांखालील ग्राहकाची अधिक पडताळणी हे त्याचे एक कलम. त्याच आठवड्यात, २३ जूनला, सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात नवी कसोटी घालून दिली: शस्त्रनियंत्रणाचा कोणताही कायदा राष्ट्राच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असला तरच टिकेल.

तेव्हापासून सरकारी वकील जुनी दप्तरे चाळीत बसले आहेत. पूर्वी कोणाकोणाची शस्त्रे काढून घेतली होती याचे दाखले त्यांना हवे असतात, आणि ते सापडतात कोठे? कॅथलिकांना, गुलामांना, मूळ रहिवाशांना निःशस्त्र करणाऱ्या कायद्यांत! सध्या सर्वोच्च न्यायालयात असलेल्या, आणि स्वतः कॅथलिक असलेल्या, न्यायमूर्ती बॅरेट यांनी २०१९ साली खालच्या न्यायालयात असतानाच असे लिहिले होते की, हे कायदे अन्याय्य असले तरी विधिमंडळाला धोकादायक वाटणाऱ्यांना दूर ठेवता येत होते, एवढे त्यांतून दिसते. जून २०२४ मध्ये रहिमी खटल्यात आठ विरुद्ध एक मताने, घरातील हिंसाचारामुळे न्यायालयीन मनाई असलेल्या माणसाकडून बंदूक काढून घेणारा कायदा टिकला. ज्या कायद्यांची आज लाज वाटावी, त्यांच्या आधाराने आजच्या बायकामुलांचे रक्षण करावे काय, हा वाद खालच्या न्यायालयांत अद्याप चालू आहे, आणि १७५६ साली व्हर्जिनियाच्या कॅथलिकांवर आलेल्या त्या बंदीचा उल्लेख त्यांच्या निकालपत्रांत भेटत राहतो.